नळ आलेत, ठेवते

माझी धाकटी बहीण छत्रपती संभाजीनगरला असते. रविवारी सकाळी आमचं फोनवर बोलणं होतं. मुलांचं, गुडघ्यांचं, उदगीरकडच्या जमिनीचं बोलता बोलता ती एकदम म्हणते, "दादा, नळ आलेत, ठेवते." फोन बंद. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिच्या गल्लीत कधी पाचव्या, कधी आठव्या दिवशी नळ येतो आणि तास-पाऊण तास राहतो. तेवढ्यात हौद भरायचा, मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची, पिण्याचं पाणी फडक्याने गाळून घ्यायचं. भावाशी बोलणं नंतरही होतं.

मुलगी मुंबईत मुलुंडला राहते. 'नळ आला' हे वाक्य तिच्या तोंडात नाही. माझे व्याही पुण्याचे, त्यांच्याकडे बातमी असते ती "येत्या गुरुवारी पाणी बंद" अशी. पाणी येणार नाही ही एका शहरातली बातमी, आणि पाणी आलं ही दुसऱ्या शहरातली. दोन्ही शहरं एकाच राज्यातली, एकाच मंत्रालयातून जीआर निघणारी.

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीत काढली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. शहापूर, कराड, अमरावतीकडे काही वर्षं आणि उरलेली सगळी मराठवाड्यात. हा फरक का पडला, असं लोक विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात: "तिकडे पाऊस पडतो, इकडे पडत नाही." हे उत्तर अपुरं आहे. मला जे दिसलं ते नीट लिहून ठेवावं असं निवृत्तीपासून मनात होतं.

सुरुवात उतारापासून करतो, कारण पाण्याच्या माणसाला जमीन दिसते ती उतारानेच.

मुंबई समुद्राला टेकलेली आणि तिच्या पाठीशी सह्याद्री. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. महापालिकेचे अभियंता मोडक यांचं नाव त्या जलाशयाला आहे, आणि एका अभियंत्याचं नाव धरणाला असावं याचं मला पहिल्या पोस्टिंगपासून अप्रूप आहे. या तलावांचं बरंच पाणी कितीतरी मैलांवरून निव्वळ उताराने मुंबईत येतं. पंप नाही, विजेचं बिल नाही. भातसाचं पाणी पिसे इथे उचलावं लागतं, तरी एकूण हिशोबात मुंबईवर निसर्गाची कृपा आहे. पुण्यातही खडकवासला शहराच्या वरच्या अंगाला आहे. त्याही आधी नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शहरातल्या हौदांत आणलं होतं, तेही उतारानेच.

आता संभाजीनगर पाहा. पैठणचा नाथसागर भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४६४ मीटर असते. शहर आहे साडेपाचशे मीटरच्याही वर. म्हणजे पाणी शंभर मीटर उचलायचं आणि वर चाळीसेक किलोमीटर ढकलायचं. दहा लाख लिटर पाणी नुसतं शंभर मीटर उचलायला, पंपाची आणि मोटारीची तूट धरून, साधारण चारशे युनिट वीज जाते. पाइपातलं घर्षण धरलं की आणखी. हा खर्च रोजचा आणि कायमचा. मराठवाड्यातल्या कितीतरी नगरपालिकांची योजना कागदावर उत्तम असते आणि वीजबिल थकलं की बंद पडते. लोक म्हणतात धरणात पाणी असून मिळत नाही, आणि त्यांचं म्हणणं शब्दशः खरं असतं.

या शहराची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नहर बांधली. शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भूमिगत दगडी-चुन्याच्या नळातून वस्तीत आणलं. ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि साफसफाईसाठी चिमणीसारखे उभे खांब ठेवले. पुढे अशा आणखी नहरी झाल्या आणि अठराव्या शतकात त्यांतल्याच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. त्या माणसांनी शहराच्या वर असलेलं पाणी शोधलं आणि खाली आणलं. वस्ती वाढल्यावर तेवढं पाणी पुरणार नव्हतं हे उघड आहे. पण पाणचक्कीच्या हौदाकाठी बसलो की वाटतं, या गावाला पाण्याची अक्कल उशिरा आली असं कुणी म्हणू नये. इथे ती चारशे वर्षांपूर्वी होती. खंड मध्ये पडला.

तो खंड कसा पडला, याचा धागा मला विश्वेश्वरय्यांच्या चरित्रात सापडला. ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. खडकवासल्याला त्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले. पुढे १९०८ साली मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजामाने त्यांनाच बोलावलं. पूरनियंत्रण आणि भूमिगत गटारांची आखणी, दोन्ही त्यांच्याकडे दिलं. उस्मानसागर, हिमायतसागर हे तिथले जलाशय त्या काळातले. म्हणजे एकाच अभियंत्याची दृष्टी पुण्यालाही लाभली आणि हैदराबादलाही. मराठवाडा या दोन शहरांच्या मधोमध होता. इलाख्याच्या शहरांत नगरपालिका, पाणीपट्टी, नकाशे, तांत्रिक नोंदी यांची घडी बसत होती, आणि संस्थानाचा मोठा पैसा राजधानीकडे जात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड ही राजधानीपासून दूरची जिल्ह्याची ठाणी. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा तानसाचं पाणी मुंबईत येऊन ५६ वर्षं झाली होती. औरंगाबादला महानगरपालिका झाली ती १९८२ साली.

हे सगळं जुनं आहे, पण पाइप ही वस्तूच अशी आहे की एकदा गाडली की शंभर वर्षं तिथेच राहते, आणि जिथे गाडली नाही तिथे नसणंही शंभर वर्षं राहतं.

पहिलं पोस्टिंग शहापूरला होतं. तानसा, भातसा, वैतरणेवरची धरणं या सगळ्यांचा वावर त्या एका तालुक्यात आणि आसपास. मी मराठवाड्यातून गेलेला, एवढं पाणी पाहून हरखून गेलो. पहिल्या एप्रिलमध्ये एका पाड्यावर टँकरच्या फेऱ्या तपासायला गेलो. वाटेत मुंबईची जलवाहिनी लागते. माणूस उभा मावेल एवढे पाइप, दोन-तीन शेजारी शेजारी, झाडीतून सरळ निघून गेलेले. एका जागी एअर व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपातली हवा सोडायच्या झडपेतून, पाणी झिरपत होतं. खाली सात-आठ कळश्या रांगेत लावलेल्या. एक म्हातारी व्हॉल्व्हच्या पोलादी बुडाला सुती दोरी बांधून बसली होती. दोरीचं दुसरं टोक कळशीत. दोरीवरून पाणी थेंब थेंब उतरत होतं, वाऱ्याने उडत नव्हतं. मी विचारलं, एक कळशी भरायला किती वेळ लागतो. म्हणाली, "साहेब, भात शिजतो तवर." तिच्या डोक्यावरच्या पाइपातून त्याच वेळी लाखो लिटर पाणी चाललं होतं. ती जागा मी कार्यालयात कळवली नाही. कळवली असती तर गळती दुरुस्त झाली असती.

तेव्हापासून मी 'पाण्याचा प्रदेश' आणि 'पाणी मिळणारा प्रदेश' हे दोन वेगळे धरतो. कोकणातही तेच पाहिलं. तिथे पावसाची कमतरता कुणी म्हणणार नाही, पण जांभा दगड पाणी धरत नाही आणि मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो.

याच्या उलट टोकाला कराडजवळचं मलकापूर आहे. कराडात पाऊस काही कोकणासारखा नाही, पण कृष्णा-कोयनेचा संगम शेजारी आहे आणि मलकापूरचं गाव तेव्हा लहान होतं. २००९च्या सुमारास तिथे चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने केलेली. घरोघरी मीटर आणि टेलिस्कोपिक दर, म्हणजे जेवढं जास्त वापराल तेवढा पुढच्या टप्प्याचा दर चढा. मी मुद्दाम रजा टाकून बघायला गेलो होतो. एका घरात गेलो तर स्वयंपाकघरात माठ आणि एक तांब्या, बस्स. पिंप नाही, ड्रम नाही, मोरीत भरलेल्या बादल्या नाहीत. त्या बाईंना मी विचारलं, साठा कुठे करता? त्यांनी नळाकडे बोट दाखवलं. मला भरून आलं. तीस वर्षं ज्याच्यासाठी नोकरी केली ते त्या बोटाच्या टोकाला होतं.

चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, असं आमच्याकडे मोठमोठे पदाधिकारी म्हणायचे. घडतं उलटं. आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा बाई आधी काय करते? हौदात उरलेलं 'शिळं' पाणी अंगणात ओतते आणि ताजं भरते. पाणी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून गरजेच्या दीडपट-दुप्पट साठवते. नळाला तोटी नसते, कारण आला की सगळाच हवा. हीच बाई मलकापुरात असती तर एक तांब्या भरून थांबली असती. तिच्या सवयीत खोट नाही. व्हॉल्व्हमनच्या वेळापत्रकाने तिला तसं शिकवलं.

आता गटारांकडे येतो. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच.

पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना आम्ही केंद्र सरकारच्या मॅन्युअलचे निकष लावत असू. त्यात तेव्हा माणशी पाणी किती धरायचं याचा तक्ता होता. ज्या गावात भूमिगत गटार आहे किंवा होणार आहे, तिथे माणशी रोज १३५ लिटर. महानगरांना १५०. आणि ज्या गावात नळ आहेत पण भूमिगत गटार नाही, तिथे ७० लिटर.

हा तक्ता मी तरुणपणी पाठ केला होता. त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली. तांत्रिकदृष्ट्या त्यात तर्क आहे: गटार नसताना जास्त पाणी दिलं तर सांडपाणी रस्त्यावर येईल. पण गटार नाही म्हणून पाणी निम्मं, आणि पाणी निम्मं म्हणून उद्या गटार टाकलं तरी चालत नाही. कारण भूमिगत गटारातला मैला वाहून जायला पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर तरी लागतो. तेवढं पाणी घराघरातून आलंच नाही तर मैला पाइपात बसतो, चेंबर तुंबतात, आणि मग नगरपालिका म्हणते की भूमिगत गटार आमच्याकडे यशस्वी होत नाही. एखादं गाव एकदा ७० लिटरच्या रकान्यात पडलं की तिथून बाहेर येण्याची वाटच त्या रकान्याने अडवलेली असते. मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली बहुतेक तालुक्याची गावं त्या रकान्यात होती. मी स्वतः कितीतरी अंदाजपत्रकांत ७० हा आकडा भरून सही केली आहे.

पैशाचंही तसंच. २००५ साली शहरांच्या पायाभूत सोयींसाठी केंद्राचं जेएनएनयूआरएम अभियान आलं. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. अख्ख्या मराठवाड्यातून एकटं नांदेड, शिखांच्या २००८च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या तोंडावर. तिथे पाण्याचं आणि मलनिस्सारणाचं काम झालं आणि ते दिसतं. बाकीच्यांना छोट्या शहरांची वेगळी योजना होती. स्वहिस्सा भरायचा म्हटला की नगराध्यक्ष आमच्याकडे बघायचे आणि आम्ही फायलीकडे. ज्या पालिकेची पाणीपट्टी वीजबिलालाच पुरत नाही ती हिस्सा कुठून आणणार? १९८४च्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष हा शब्द वापरतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. गटारांच्या अनुशेषावर मी एकही सभा ऐकली नाही. जलकुंभाच्या उद्घाटनाला फीत कापायला माणसं येतात. मलनिस्सारण वाहिनीच्या चेंबरवर फीत बांधलेली मी चौतीस वर्षांत पाहिली नाही.

विदर्भात नागपूरने एक काम असं केलंय की मी ते प्रत्येकाला सांगतो. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. म्हणजे तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी मोकळं राहतं. त्याच विदर्भात अकोल्याकडे नळाचे दिवस मोजावे लागतात आणि पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअर मारलं तरी तोंडात घालवत नाही असं पाणी लागतं. त्यामुळे विदर्भ मागास, पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला अशी सरसकट वाटणी मला पटत नाही. इचलकरंजी पश्चिम महाराष्ट्रातच आहे. २०१२ साली तिथे काविळीची साथ आली. पुणे तर पुणेच, तरी जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुईलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण निघाले आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. ही गावं महापालिकेत आली अलीकडे. पेठांतल्या पुण्याला पाण्याची आणि गटाराची जुनी घडी आहे. या गावांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाइप मागून आले. प्रदेशाची सीमा जिल्ह्यावरून जात नाही, ती शहराच्या आतूनही जाते. मुंबईचंही तसंच. वरळी आणि वांद्र्याला मैलापाणी समुद्रात सुमारे तीन किलोमीटर आत नेऊन सोडतात, पूर्ण प्रक्रियेची नवी मोठी केंद्रं आत्ता उभी राहताहेत, आणि त्याच शहरात असंख्य झोपडपट्ट्यांचा मैला थेट नाल्यात पडतो.

एक प्रसंग लिहायचा की नाही यावर मी बरेच दिवस अडलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, जुलै महिना. एका गल्लीत काविळीचे तेवीस रुग्ण निघाले. मी, फिटर आणि आरोग्य खात्याचा माणूस सकाळी नळ यायच्या वेळेला तिथे पोहोचलो. क्लोरीन तपासायला आमच्याकडे साधी ओटी टेस्ट असते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. गल्लीच्या तोंडाशी घेतलं, पिवळं आलं. चौथ्या घरी फिकट. सातव्या घरी पाणी होतं तसंच राहिलं. पिवळा आला नाही म्हणजे वाटेत क्लोरीनला काहीतरी भेटलं होतं.

पाचव्या आणि सातव्या घराच्या मध्ये उघडं गटार होतं. आमच्या गावांत मुख्य पाइप रस्त्यात आणि घरं गटाराच्या पलीकडे, त्यामुळे प्रत्येक घराचा अर्ध्या इंची लोखंडी जीआय पाइप फेरूलपासून, म्हणजे मुख्य पाइपावरच्या जोडणीपासून, निघतो आणि गटार ओलांडून जातो. कुणी वरून नेतं, कुणी आतून. इथे दहा-बारा पाइप गटाराच्या काळ्या पाण्यातून गेले होते. फिटरने फावड्याने गाळ बाजूला सारला, पाइप हाताने पुसले आणि एकावर बोट ठेवलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. गंजून पडलेलं. नळ चालू होता म्हणून त्यातून पाणी बारीक उडत होतं. "साहेब, नळ गेला की बघा," तो म्हणाला. आम्ही थांबलो. नळ गेला. शेजारच्या घरात मोटार अजून चालू होती, पाइपातलं उरलंसुरलं ओढत होती. त्या भोकापाशी गटाराच्या पाण्यात एक छोटा भोवरा झाला आणि पाणी आत जायला लागलं.

नळ रोज, पुऱ्या दाबाने, चोवीस तास असता तर त्या भोकातून पाणी बाहेर गेलं असतं. गळती झाली असती, काविळ झाली नसती. आठ दिवसांचा खंड, रिकामा पाइप, थेट नळाला लावलेली मोटार आणि शेजारी उघडं गटार, एवढी सगळी एकत्र आली तेव्हा हे झालं. सातव्या घरातली सून सहा महिन्यांची गरोदर होती. दूषित पाण्यातून पसरणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईला फार जड जाते. ती लातूरच्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मी आठवड्याने अहवाल लिहिला. त्यात 'सर्व्हिस कनेक्शन गटारातून स्थलांतरित करावे' असं वाक्य आहे. गटार तिथून स्थलांतरित करावं, झाकावं, जमिनीखाली न्यावं, असं लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी समासात तरी लिहायला हवं होतं.

२०१६च्या उन्हाळ्यात मी लातूरला होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभरातून कॅमेरे आले होते. मी बाजूला उभा राहून भागाकार केला. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर. म्हणजे माणशी सव्वा-दीड लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटर, माणशी साडेसहा. मिरजेच्या लोकांचे उपकार लातूर विसरणार नाही, मीही नाही. पण त्या दिवसांत घरोघर जाऊन आलो तेव्हा बायका पिण्याच्या पाण्याबद्दल फार बोलत नव्हत्या. ते कसंही जमवत होत्या. दार अर्धं लोटून, आवाज खाली आणून त्या सांगत होत्या ते संडासचं. भांडी घासलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि ते घरातल्या सहा माणसांनी वाटून संडासात ओतायचं. एका घरातली शाळकरी मुलगी दिवसभर पाणीच प्यायची नाही, म्हणजे जायला नको. रेल्वेने आणलेल्या पाण्याच्या कुठल्याही हिशोबात ती मुलगी नव्हती.

काही गावांत मलनिस्सारण प्रकल्पही झाले आहेत. एक मी पाहिलाय, केंद्र सुंदर बांधलेलं, टाक्यांना निळा रंग, ऑपरेटर गणवेशात, आणि आत येणारं मैलापाणी क्षमतेच्या पाव हिश्श्यालाही पोहोचत नाही. मुख्य वाहिन्या टाकल्या, पण घरजोडणी झाली नाही. संडासचा पाइप घराच्या मागच्या बाजूला, वाहिनी पुढच्या रस्त्यावर. जोडायचं तर घरातली फरशी फोडून पाइप पुढे आणायचा. तो खर्च घरमालकाचा. नवीन फरशी बसवलेल्या घरात हे कोण करेल? सेप्टिक टँक आहेच, त्याचं वरचं पाणी गटारात जातंच. घरजोडणीचा खर्च योजनेतच धरा असं आम्ही काही जण बैठकीत सांगत आलो. ज्या पालिकांनी तो धरला तिथे केंद्रं चालतात.

संभाजीनगरला आता पैठणहून नवी जलवाहिनी येते आहे, अडीच मीटर व्यासाची. मी तिचे पाइप रस्त्याकडेला पडलेले पाहून आलो, एका पाइपाच्या आत उभा राहिलो. ती पुऱ्या क्षमतेने वाहावी असं मला मनापासून वाटतं. एवढं पाणी शहरात येईल तेव्हा त्याचा ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडेल, आम्ही आखणीत तेवढाच धरतो. त्याची वाट कुठे आहे, हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतो.

गेल्या महिन्यात भाच्याने शहराबाहेरच्या गुंठेवारीतल्या प्लॉटवर घर बांधायला घेतलं. नकाशा घेऊन आला. "मामा, हौद केवढा ठेवू? नवी लाइन आली तर हौद लागेल का?" मी म्हटलं, दहा हजार लिटरचा ठेव, अजून बुजवायची वेळ आलेली नाही. मग नकाशावर हात फिरवत गेलो. हौद घराच्या उजव्या कोपऱ्यात. जिन्याखाली आणखी एक चौकोन होता, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. विचारलं, हे काय? म्हणाला, "ते सेप्टिक टँक. मिस्त्रीने जागा होती तिथे दाखवलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही प्लॉटवर गेलो. टेप लावला. हौदाच्या भिंतीपासून सेप्टिक टँकच्या खड्ड्यापर्यंत चार फूट दोन इंच. खड्डा अर्धा खणून झाला होता. मी मिस्त्रीला थांबवलं, खड्डा बुजवायला लावला आणि प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, उताराच्या खालच्या अंगाला, चुन्याने नवीन चौकोन आखून दिला. भाच्याला दोन दिवसांची मजुरी जास्त पडली. तो म्हणाला, "मामा, शेजारच्या प्लॉटवाल्याचा टँक आपल्या हौदाला लागूनच आहे, त्याचं काय?" मी कुंपणापलीकडे पाहिलं. सिमेंटचं झाकण, त्यावर तुळशीची कुंडी.

त्या घरात कोण राहतं ते विचारायला आम्ही दोघं निघालो. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी बोलायला लागलो, आणि तिकडून ती म्हणाली, "दादा, थांब, नळ आलेत, ठेवते."